नव्या संगणकाचे पहिले प्रश्न

संगणक विकत घेणारा मनुष्य त्यावर काम करूं लागतो, तेव्हां एक मोठें काम त्याच्या आधींच कोणीतरी उरकून ठेवलेलें असतें. यंत्राला चालतें-बोलतें करणारी जी मूळ व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती कारखान्यांत किंवा दुकानांतच आंत बसविलेली असते. ती बसवितांना काय काय विचारलें जातें आणि त्याचीं उत्तरें कोण देतो, हा विषय त्यामुळें सुशिक्षित घरांतहि सहसा निघत नाहीं. तो निघण्याचा प्रसंग 2025 सालीं आला. त्या वर्षीं 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज 10 या व्यवस्थेची नेहमींची विनामूल्य दुरुस्ती थांबविली. तिच्या मागून आलेली विंडोज 11 ही टी. पी. एम. 2.0 नांवाची सुरक्षेची सोय व ठराविक पिढीपुढचाच प्रोसेसर मागते. साहजिकच चांगलीं चालणारीं पुष्कळ यंत्रें तिच्या हिशेबीं निकामी ठरलीं. मुंबईच्या चाकरमान्यानें मालवणच्या घरीं पाठविलेला जुना संगणक, शाळेच्या खोलींतले दहा-बारा संगणक, पतसंस्थेच्या कचेरींतलें एखादें यंत्र, या सर्वांच्या धन्यांपुढें प्रश्न उभा राहिला. नवें यंत्र घ्यावें, दुरुस्तीवांचून जुनेंच रेटावें, कीं त्यावर दुसरी एखादी व्यवस्था बसवावी ? ही तिसरी वाट धरणाराची गांठ ज्या प्रोग्रामशीं पडते, त्याला इन्स्टॉलर म्हणतात.

इन्स्टॉलरचें काम सांगावयास सोपें आहे. डिस्क, म्हणजे यंत्रांतील साठवणीची जागा, तो विभागतो. तींत मूळ व्यवस्थेच्या हजारों फायली उतरवितो. यंत्र चालूं होतांच ती व्यवस्था कारभार हातीं घेईल अशी जोडणी करतो. आणि वापरणाराचें नांव व पासवर्ड नोंदवून बाजूला होतो. सारें काम तास-दीड तासाचें. परंतु तेवढ्या वेळांत दिलेलीं उत्तरें पुढें वर्षानुवर्षें यंत्राला बांधून ठेवतात. जागेचे भाग किती व केवढे केले, डिस्क एन्क्रिप्ट करून कुलुपांत ठेवली कीं उघडी राहूं दिली, हें मागाहून बदलावयाचें तर बहुधा सर्व मोडून पहिल्यापासून मांडावें लागतें. आणि एका प्रश्नाचें उत्तर तर असें असतें, कीं तें चुकल्यास मागें फिरण्यास वाटच राहत नाहीं. ' संपूर्ण डिस्क वापरावी ' या निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीवर बोट ठेवलें व पुढें होकार दिला, कीं त्या डिस्कवरचीं मुलांच्या बारशापासूनचीं छायाचित्रें, शाळेच्या गुणांचीं कोष्टकें, सभासदांचीं खातीं, सर्व एका झटक्यासरशीं गेलें म्हणून समजावें.

मग इन्स्टॉलरनें प्रश्न विचारावे तरी किती ? मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गास जाणाऱ्या होडींत उतारू असतात आणि तांडेल असतो. उतारूला किल्ल्यावर पोंचावयाचें असतें. वाट कोठून जाते याची चौकशी तो करीत नाहीं आणि करण्याचें त्याला कारणहि नाहीं. तांडेलाला मात्र पाण्याखालचा एकूणएक खडक ठाऊक असावा लागतो, कारण त्या बंदरांत दिसणाऱ्या खडकांहून बुडालेले अधिक. शिवाजी महाराजांनीं 1664 सालीं कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तो हा खडकांचा पहारा आयता मिळतो हेंहि पाहून. उतारूला दर दहा हातांवर ' आतां डावीकडे कीं उजवीकडे ? ' असें विचारीत बसणें हा जितका अविचार, तितकाच तांडेलाच्या हातचें सुकाणूं काढून घेऊन होडी दोरीनें ओढण्याचा हट्टहि अविचाराचा. यांत इन्स्टॉलरची अडचण अशी, कीं होडींत तांडेल कोण तें पाहतांच कळतें. इन्स्टॉलरला समोर कोण बसलें आहे हें मुळींच दिसत नाहीं. शिवाय घरगुती संगणकाचा धनी हा एकाच वेळीं उतारूहि असतो आणि तांडेलहि. पुढें यंत्र अडलें, तर त्याचीं उत्तरें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतात.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इन्स्टॉलर रचणारांचा कल सर्व कांहीं विचारण्याकडे होता. लिनक्सच्या बाबतींत तर हें विशेष होतें. लिनक्स ही कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, मूळ मजकुरासह सर्वांना खुली असलेली व्यवस्था. तिच्या अनेक शाखांपैकीं डेबियन ही एक जुनी व मान्यता पावलेली शाखा होय. इयान मर्डॉक यानें ती 16 ऑगस्ट 1993 रोजीं जाहीर केली, आणि जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें 2007 सालीं बाहेर आणलेली बॉस नांवाची भारतीय लिनक्स डेबियनच्याच पायावर उभी आहे. डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरशीं जाणत्यांचें जमत असे ; नवख्याचा त्यापुढें निभाव लागत नसे. जून 2005 मध्यें निघालेल्या 3.1 या आवृत्तीपासून त्याच्या जागीं सर्वस्वीं नवा इन्स्टॉलर आला. प्रस्तुत विषयाचें मर्म त्याच्या घडणींत चांगलें पाहावयास मिळतें.

या इन्स्टॉलरमध्यें प्रत्येक प्रश्नाला एक पायरी लावून दिलेली आहे. पायऱ्या चार. ज्याचें उत्तर मिळाल्यावांचून यंत्र बहुधा बिघडेल, तो प्रश्न सर्वांत वरच्या पायरीवर. ज्याला सर्वांना लागूं पडेल असें भरवशाचें उत्तर आधीं ठरवितां येत नाहीं, तो तिच्या खालीं. ज्याला बरेंसें उत्तर आधींच माहीत आहे तो तिसऱ्या पायरीवर, आणि ज्याचें ठरीव उत्तर बहुतेक सर्वांनाच चालतें तो तळाशीं. साधी पद्धत निवडली तर वरच्या दोनच पायऱ्यांचे प्रश्न पुढें येतात. उरलेल्यांचीं उत्तरें इन्स्टॉलर स्वतः मनांतल्या मनांत देऊन टाकतो. ' एक्सपर्ट ' पद्धत निवडली तर चारहि पायऱ्या उघडतात. दोन्हींकडे इन्स्टॉलर एकच असतो. साध्या माणसाकरितां एक पांगळा आणि जाणत्याकरितां दुसरा धडधाकट, असा दुजाभाव त्यांत नाहीं.

येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं प्रश्नाची पायरी त्याच्या विषयाच्या थोरवीवरून ठरत नाहीं. घड्याळाचेंच पाहावें. संगणकाला वेळ बरोबर कळणें महत्त्वाचें आहे. तरीहि भारत हा देश निवडल्यावर साधी पद्धत वेळेच्या पट्ट्याविषयीं विचारीतच नाहीं, कारण सबंध देशाची घटका एक आहे. अमेरिका निवडणाराला मात्र तोच प्रश्न पडतो, कारण तेथें पट्टे अनेक. हा इन्स्टॉलर जर 1950 च्या सुमारास असता तर मुंबईकरालाहि विचारावें लागलें असतें. मुंबईचें स्वतःचें घड्याळ 1955 पर्यंत चालूं होतें आणि तें भारतीय प्रमाण वेळेच्या 39 मिनिटें मागें असे. तात्पर्य, विचारणें कीं न विचारणें हें समोरच्याच्या बुद्धीवर सोडलेलें नाहीं. उत्तर अगोदर ठाऊक असण्याचा संभव किती, यावर तें ठरतें. नवख्याला कमी लेखून प्रश्न दडविणें आणि उत्तर माहीत आहे म्हणून न विचारणें, यांत फार अंतर आहे.

तथापि प्रश्न थोडे केले म्हणून ते सोपे होतात असें नाहीं. ज्या भाषेंत मनुष्य घरीं बोलतो, त्या भाषेंत विचारलेला कठीण प्रश्न परक्या भाषेंतल्या सोप्या प्रश्नापेक्षां पुष्कळ वेळां बरा वाटतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्यें मराठी आली ती 14 फेब्रुवारी 2009 रोजीं निघालेल्या 5.0 या आवृत्तीपासून. त्या खेपेस भाषांची संख्या 63 झाली, आणि मराठीबरोबर अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन या भाषाहि नव्यानें आल्या. त्यापूर्वींची एक पायरी सांगितली पाहिजे. निव्वळ अक्षरांच्या काळ्या पडद्यावर चालणारा जुना प्रकार देवनागरीचीं जोडाक्षरें व मात्रा नीट दाखवूं शकत नसे. 2007 च्या 4.0 आवृत्तींत चित्ररूप पडद्याचा इन्स्टॉलर आला, तेव्हां कोठें अशा लिप्यांना जागा झाली. म्हणून मराठींतून व्यवस्था बसविणारानें आजहि आरंभींच्या यादींतला ' ग्राफिकल ' हाच प्रकार निवडावा.

मराठी निवडणाराला एक जादा प्रश्न पडूं शकतो, आणि तो पडतो हें योग्यच होय. देवनागरी कळफलक घेतला, तर देवनागरींतून रोमन अक्षरांकडे जाण्यासाठीं कोणत्या कळा वापराव्या, असें इन्स्टॉलर विचारतो. इंग्रजी कळफलक घेणाराला हा प्रश्न दिसत सुद्धां नाहीं. तो वगळला असता तर पडदा अधिक सुटसुटीत झाला असता. पण वापरणाराचें नांव या व्यवस्थेंत लहान रोमन अक्षरांतच लिहावें लागतें, आणि पासवर्ड टाइप करतांना अक्षरें डोळ्यांना दिसत नाहींत. एका कळफलकावर ठरविलेला पासवर्ड दुसऱ्यावर टाइप केला, तर यंत्र आपल्याच धन्याला दारांत अडवील.

डिस्कच्या प्रश्नाकडे आतां वळावें, कारण खरी जोखीम तेथें आहे. साध्या पद्धतींतहि डेबियन येथें चार वाटा दाखवितो : संपूर्ण डिस्क वापरावी, संपूर्ण डिस्क घेऊन पुढें भाग लहान-मोठे करतां येतील अशी रचना करावी, तीच रचना कुलुपबंद करावी, किंवा सर्व विभागणी आपल्या हातानें करावी. पहिल्या तिहींत आंकडेमोड इन्स्टॉलर करतो. त्यानंतर केलेल्या आराखड्याची यादी तो पडद्यावर मांडतो आणि हे बदल डिस्कवर लिहावे काय असें विचारतो. या प्रश्नाचें ठरीव उत्तर ' नाहीं ' असें ठेवलेलें आहे. बाकी बहुतेक ठिकाणीं एंटरची कळ दाबीत गेलें तरी काम पुढें सरकतें. येथें मात्र एंटर दाबलें तर गाडी जागच्या जागीं राहते, आणि ' होय ' वर स्वतः जावें लागतें. घाईनें कळा दाबणाराला त्याचा राग येतो. पण ज्याची जुनी छायाचित्रें त्या एका थांब्यामुळें वांचलीं, तो राग करणार नाहीं. अर्थात् या थांब्यावर विसंबून राहणें बरें नव्हे ; यंत्रांत दुसरी व्यवस्था घालण्यापूर्वीं जपावयाचें तें सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क यंत्रापासून अलग करून कपाटांत ठेवावी. बाहेरची डिस्क जोडलेलीच राहिली, तर यादींत दोन डिस्क दिसतात आणि चुकीच्या नांवावर बोट पडण्याची धास्ती राहते. पावसाळ्यांत कोंकणांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून हें काम यू. पी. एस. असलेल्या यंत्रावर किंवा भरल्या बॅटरीच्या लॅपटॉपवरच करावें.

कुलुपबंद डिस्कविषयीं दोन शब्द. लॅपटॉप गाडींत विसरला किंवा चोरीस गेला, तरी आंतला मजकूर परक्याला वाचतां येऊं नये, ही त्या कुलपाची सोय. पण त्याची किल्ली म्हणजे धन्यानें योजलेलें एक वाक्य. तें विसरलें तर दुकानदाराकडे, कंपनीकडे किंवा डेबियनकडे दुसरी किल्ली नसते. पतसंस्थेच्या यंत्रावर असें कुलूप घालावें आणि तें वाक्य बंद पाकिटांत जबाबदार माणसाकडे ठेवावें. केवळ चित्रपट पाहण्यासाठीं ठेवलेल्या घरच्या यंत्रावर तें घालण्याचें कारण नाहीं. हा निर्णय इन्स्टॉलरनें परस्पर घेतला असता, तर दोहोंपैकीं एका घरीं अनर्थ झाला असता.

सर्वाधिकाराचा प्रश्न त्यानें ज्या खुबीनें सोडविला आहे, ती मात्र पाहण्यासारखी आहे. ' रूट ' या सर्वाधिकारी खात्यासाठीं पासवर्ड मागितला जातो. ती जागा कोरी सोडून पुढें गेलें, तर इन्स्टॉलर तें खातें बंद ठेवतो आणि पहिल्या वापरणारालाच, स्वतःचा पासवर्ड देऊन, गरजेपुरते ते अधिकार वापरण्याची मुभा देतो. घरच्या मनुष्याला कांहीं न लिहितां योग्य तें मिळतें. शाळेच्या संगणक-शिक्षकाला, मुलांच्या खात्यांपासून सर्वाधिकार वेगळे ठेवावयाचे असल्यास, त्याच जागीं पासवर्ड लिहावयाचा एवढेंच.

सोपेपणा आणि तत्त्व यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण वाय-फायचें आहे. पुष्कळ लॅपटॉपांतील वाय-फायच्या भागाला चालण्यासाठीं फर्मवेअर नांवाची एक छोटी फाईल लागते, आणि ती बहुधा कंपनीच्या मालकीची, बंदिस्त असते. आपल्या मुख्य संग्रहांत बंदिस्त वस्तु ठेवावयाची नाहीं, हें डेबियनचें व्रत. त्यामुळें इन्स्टॉलर मध्येंच थांबून ती फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवरून द्यावी अशी मागणी करी. ज्या घरीं इंटरनेटची तार नाहीं, केवळ वाय-फाय आहे, त्या घरीं ती फाईल मिळविण्यासाठीं जें इंटरनेट हवें, तें सुरू करण्यासाठींच ती फाईल हवी, असा पेंच पडे. 2022 सालीं डेबियनच्या सभासदांनीं मतदान करून ठरविलें, कीं अशा फायली अधिकृत इन्स्टॉलरबरोबर द्याव्या. 2023 च्या डेबियन 12 पासून तें अमलांत आलें. ज्याला तत्त्वासाठीं त्या नको असतील, त्यानें आरंभींच्या आज्ञेंत एक शब्द जोडून त्या नाकारण्याची सोयहि ठेवली. व्रतस्थ मंडळींना हा निर्णय रुचला नाहीं. परंतु वाय-फाय चालेना म्हणून ज्यानें डेबियनचा नादच सोडला, त्याला त्या व्रताचा लाभ तो कोणता झाला होता ?

एकाच दिशेनें फार गेलें म्हणजे काय होतें, तेंहि पाहिलें पाहिजे. फेडोरा ही रेड हॅट कंपनीच्या आश्रयाखालची लिनक्स. तिच्या इन्स्टॉलरला अ‍ॅनाकोंडा म्हणतात. 15 जानेवारी 2013 रोजीं, ठरल्या मुदतीनंतर बऱ्याच उशीरानें, फेडोरा 18 निघाली आणि तींत अ‍ॅनाकोंडाचा चेहरा समूळ बदलला. एकामागून एक पडदे येण्याची जुनी रीत गेली. मध्यें एक फळा आणि त्यावर पाहिजे त्या क्रमानें उघडावयाचीं दालनें, अशी मांडणी आली. नवख्याला ती मोकळी वाटावी हा हेतु. पण डिस्कच्या विभागणीचें दालन अशा दृष्टीनें रचलें गेलें, कीं वर्षानुवर्षें हातानें जागा आंखणाऱ्या जाणत्यांनाच आपण नक्की कोणत्या डिस्कवर काय करीत आहों याचा उमज पडेना. शिवाय ' झालें ' हें बटन खालीं उजवीकडे शोधणारांना तें वर डाव्या कोपऱ्यांत सांपडे. तक्रारी पुष्कळ झाल्या व सुधारणा हळूहळू होत गेल्या. एप्रिल 2025 मधील फेडोरा 42 च्या घरगुती आवृत्तींत आणखी नवा चेहरा आला आहे.

विंडोजची कथा निराळी. 5 ऑक्टोबर 2021 रोजीं आलेल्या विंडोज 11 च्या होम प्रकारानें पहिल्या मांडणीच्या वेळींच इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचें खातें यांची अट घातली. प्रश्न कमी, पडदे देखणे, आणि तरीहि वादळानें मालवणांत दोन दिवस नेटवर्क नसेल तर स्वतःच्या पैशांनीं घेतलेल्या यंत्राचा उंबरठा ओलांडतां येत नाहीं, अशी ती रीत. खातें जोडण्याचे फायदे आहेत हें खरें ; पण ' तूर्त नको ' म्हणण्यास जागा न ठेवणें याला सोपेपणा हें नांव शोभत नाहीं. उलट, संगणक वापरणारांची गणना करण्यासाठीं माहिती पाठवावी काय, असा एक प्रश्न डेबियन विचारतो. व्यवस्था बसविण्यास त्याची कांहींएक गरज नाहीं आणि तो वगळल्यास एक पडदा वांचेल. तरी तो विचारला जातो आणि त्याचें ठरीव उत्तर ' नाहीं ' असें आहे. हा पडदा वांचवूं नये.

येथवर एका यंत्राचा विचार झाला. शाळेंत वीस यंत्रें असलीं म्हणजे हिशेब बदलतो. वीस यंत्रांपुढें बसून वीस वेळां तींच उत्तरें देण्यांत दिवस तर जातोच. शिवाय सातव्या यंत्रावर एखादें उत्तर निराळें पडतें आणि तें सहा महिन्यांनीं कळतें. याकरितां उत्तरें आधींच एका फाईलींत लिहून ती इन्स्टॉलरच्या हातीं देण्याची युक्ति आहे. डेबियनमध्यें तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यांत किकस्टार्ट. प्रीसीडची रचना समंजस आहे : जेवढीं उत्तरें कागदावर आहेत तेवढे प्रश्न गाळले जातात, जें लिहिलेलें नाहीं तेवढेंच विचारलें जातें. म्हणजे भाषा, वेळ, कळफलक हीं कागदावर लिहून ठेवावीं आणि डिस्क पुसण्याची संमति मात्र प्रत्येक यंत्रापुढें बसून द्यावी, असें करतां येतें. आणि असेंच करावें. ती संमतिहि कागदावर लिहिली, तर तो पेनड्राइव्ह चुकून मुख्याध्यापकांच्या यंत्राला लागल्यास तें यंत्र कोणालाहि न विचारतां कोरें होऊं शकतें. पासवर्डहि त्या फाईलींत सरळ अक्षरांत लिहूं नये. तो सांकेतिक रूपांत लिहिण्याची सोय आहे. अ‍ॅनाकोंडाची एक चांगली चाल अशी, कीं काम संपल्यावर तो दिलेल्या सर्व उत्तरांची किकस्टार्ट फाईल सर्वाधिकाऱ्याच्या फोल्डरमध्यें ठेवून जातो. पहिलें यंत्र हातानें बसवावें आणि ती फाईल हेरून बाकीच्यांस लावावी, हा शिक्षकाला सर्वांत सुखाचा मार्ग.

सिंधुदुर्गाच्या शेजारीं गोव्यांत या शतकाच्या आरंभीं वापरलेले संगणक मिळवून शाळांना देण्याचा व त्यांवर लिनक्स चालविण्याचा उपक्रम झाला होता. केरळांत सरकारच्या काइट या संस्थेनें शाळांसाठीं उबुंटूच्या आधारें स्वतःची लिनक्सच तयार केली. तेथें बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें राज्याच्या पातळीवर एकदांच दिलीं गेलीं, आणि शाळेंतल्या शिक्षकाकडे थोडे प्रश्न उरले. हा तांडेल किनाऱ्यावर बसून शेंकडों होड्या हांकतो. त्याची वाट चुकली तर मात्र सगळ्या होड्या एकाच खडकावर जावयाच्या.

डेबियनच्या इन्स्टॉलरची इतकी वाखाणणी केल्यावर त्याचें उणें सांगणें प्राप्त आहे. शेवटाकडे तो पडद्याची सजावट कोणती हवी असें विचारतो आणि ग्नोम, एक्सएफसीई, केडीई, सिनॅमन, माटे अशीं नांवें एका खालीं एक मांडतो. यांतलें कोणतें जुन्या, थोड्या मेमरीच्या यंत्राला झेपेल, याविषयीं तेथें एक ओळहि नाहीं. हा प्रश्न नवख्याला उत्तर देतां न येण्यासारखा, आणि जाणत्यालाहि इतक्या लवकर विचारण्याची निकड नसलेला. जुन्या यंत्रावर एक्सएफसीई निवडावें, हें बाहेरूनच माहीत असावें लागतें. दुसरें असें, कीं त्याचे प्रश्न कामाच्या अधूनमधून येतात. फायली उतरत असतांना मनुष्य चहाला उठला, तर परत येईपर्यंत यंत्र त्याची वाट पाहत थांबलेलें असतें. 2019 च्या डेबियन 10 पासून, न बसवितां चालवून पाहण्याच्या ' लाइव्ह ' प्रकाराबरोबर कॅलामारेस नांवाचा दुसरा इन्स्टॉलर मिळतो. तो भाषा, ठिकाण, कळफलक, डिस्क व वापरणारा एवढे प्रश्न आरंभीं विचारून घेतो, सर्व उत्तरांचा गोषवारा एका पडद्यावर दाखवितो, आणि होकार मिळाल्यावरच डिस्कला हात लावतो. एका घरगुती यंत्रासाठीं तोच घ्यावा. आधीं यंत्र चालवून वाय-फाय, आवाज आणि मराठी अक्षरें ठीक आहेत कीं नाहींत हेंहि त्यांत पाहून घेतां येतें.

जाणत्यासाठीं ठेवलेली ' एक्सपर्ट ' पद्धत पहिल्या पडद्यावर ठळक दिसत नाहीं. ' अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स ' या ओळीच्या आंत ती असते. सिंधुदुर्गाचा महादरवाजाहि दुरून दिसत नाहीं. तटाच्या वळणांत शिरल्यावर तो सांपडतो. आडोसा असावा, पण आंत दार असावें. ज्या इन्स्टॉलरांत आडोशामागें नुसती भिंत आहे, तो कितीहि देखणा असला तरी शाळेच्या किंवा संस्थेच्या कामासाठीं घेऊं नये.

जुनें यंत्र हातीं असणारानें आणखी एक गोष्ट आधींच पाहून ठेवावी. 9 ऑगस्ट 2025 रोजीं निघालेल्या डेबियन 13 मध्यें, एके काळीं सर्रास असलेल्या 32-बिटी प्रोसेसरांसाठीं इन्स्टॉलर दिलेला नाहीं ; त्यांच्यासाठीं डेबियन 12 चा इन्स्टॉलर हा शेवटचा. नवा 64-बिटी इन्स्टॉलर अशा यंत्रावर लावला, तर भाषेचा पहिला प्रश्न सुद्धां येत नाहीं. या प्रोसेसरवर चालतां येत नाहीं अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते आणि काम तेथेंच थांबतें. डिस्कवरचें कांहीं पुसलें गेलेलें नसतें, आणि पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू केलें कीं जुनी व्यवस्था होती तशी उघडते.